केसरच्या नावाची पाच झाडं

श्रीवर्धन,
ता. १२ ऑक्टोबर १९५७

चि. सौ. केसर हिला तात्याचा आशीर्वाद.

हे पत्र मी माझ्या हातानं लिहितो आहे. अक्षर वाकडं दिसेल. चौथीनंतर हाताला रहाटाचा दोर माहीत, टाक नाही. रंगूकडून लिहून घेता आलं असतं, पण रंगूला सांगितलं म्हणजे आळीला सांगितलं.

तुझी आई बरी आहे. तिचा गुडघा दुखतो. बैल म्हातारा झाला, पण रहाट ओढतो. पाऊस जातो म्हणतो आणि परत येतो. सुपारी वाळत घालायचे दिवस आले की यालाही यायचं असतं.

पत्राचं कारण असं की तुझ्या नावाच्या पोफळी जरा पिवळ्या पडल्या आहेत. काळजीचं काही नाही. शिमग्याला त्यांची सुपारी मांडव्याला तुझ्याकडे पोचती करायची असते, ती गेल्या वर्षी आली नाही आणि यंदाही येईलसं दिसत नाही. गेल्या वर्षी का नाही हे तू विचारलं नाहीस, मीही लिहिलं नाही.

शेतकी खात्याचा एक माणूस वाडीत आला होता. वय असेल पंचवीस. पायात बूट. त्यानं बुंधे बघितले, नखानं साल खरवडली आणि म्हणाला, ही झाडं मुळासकट काढावी लागतील. मी ऐकून घेतलं. त्याच्या जन्माआधीपासून मी पोफळींना पाणी घालतोय. पण सरकारी माणूस, त्याला काय बोलणार.

झाडं तुझ्या नावाची आहेत, म्हणून तुला विचारतो. काढू का? हो किंवा नाही, एवढं कळव. कार्ड टाकलंस तरी चालेल. घरात सगळे कसे आहेत तेही लिही, पण घाई नाही. आधी झाडांचं लिही.

तुझा
तात्या

---

श्रीवर्धन,
ता. ६ नोव्हेंबर १९५७

चि. सौ. केसर,

पत्र पोचलं असेल. साडेतीन आठवडे झाले. पोस्टमन आळीत शिरला की मी कुंपणाशी जाऊन उभा राहतो आणि उगाच कुंपण बघतो. काल तो म्हणाला, "अंबाजीबाबा, कुंपण पडत न्हाय, बसा घरात." सगळ्यांना कळतं.

तुझ्या आईनं विचारलं, "पोरीला काय लिवलंत?"

मी म्हटलं, "झाडं पिवळी झाल्याचं."

"पिवळी?" ती म्हणाली. "दोघांची मुंडकी पडली न् तुम्ही पिवळी लिवता?"

तर ते आता नीट लिहितो. पाचातल्या दोन झाडांचे शेंडे पडून गेले आहेत. नुसते खांब उभे आहेत. बाकीच्या तिघांच्या झावळ्या खाली लोंबतात, पाऊस असून. सुपारी धरते, बोराएवढी होते आणि गळते. शेतकीवाला म्हणतो की हा मुळांचा रोग आहे. मातीतून आणि पाण्यातून पुढच्या झाडाला जातो. झाड आतून कुजतं आणि शेवटी बुंध्याला अळंबी फुटते, तपकिरी, कानाच्या पाळीसारखी. औषध नाही. रोगी झाड खणून जागच्या जागी जाळायचं, भोवती कमरेएवढा चर काढायचा आणि तिथलं पाणी पुढे जाऊ द्यायचं नाही. हे त्यानं यंदा नाही सांगितलेलं. गेल्या वर्षी मे महिन्यात सांगितलं होतं, तेव्हा एकच झाड आजारी होतं.

तू म्हणशील, मग तेव्हाच का नाही काढलं.

केसर, तुझ्या लग्नात काय झालं होतं ते आठव. तुझ्या जन्माला लावलेली ही पाच झाडं. पाठवणीच्या सकाळी तुझ्या आईनं पाचांच्या बुंध्यांना हळदकुंकू लावलं आणि हरेश्वररावांनी स्वतः रहाटाचं पाणी नेऊन घातलं. आपल्या आळीत असंच करतात. तेव्हापासून ती झाडं तुम्हा दोघांची. जोडा आहे तोवर त्यांना कोयता लावत नाहीत. माझ्या बापानं माझ्या बहिणीची झाडं वाकडी झाली तरी दोरांनी बांधून ठेवली होती, तोडली नाहीत.

बघ, मागच्या पत्रात हरेश्वररावांचं नाव मी एकदाही लिहिलं नव्हतं. मुद्दाम नाही लिहिलं. गेलं वर्षभर मी त्यांची तब्येत विचारलीच नाही. विचारलं तर उत्तर येईल, म्हणून.

गेल्या वर्षीच्या श्रावणात तुझं पत्र आलं. "तात्या, ह्यांना छातीच्या आजारानं मुंबईच्या इस्पितळात ठेवलंय, मी एकटी आहे, तुम्ही या." ते मला पाठ आहे. त्याच दिवशी मी पिशवी भरली. दोन धोतरं, तुझ्या आईनं केलेला काढा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं म्हसळ्यावरून निघणार होतो. बैलाला वैरण टाकायला मागे गेलो आणि माझ्यासमोर पहिल्या झाडाचा शेंडा खाली आला. वारा नव्हता. एवढा मोठा शेंडा, आणि आवाज ओल्या गोणीसारखा.

मी पिशवी रिकामी केली. मला वाटलं, उरलेली चार मी राखली तर ते राहतील. मी मांडव्याला येऊन काय करणार होतो, मला सुई टोचता येत नाही. पण पोफळ मला राखता येते. म्हणून मी आलो नाही. तुला वाटलं असेल, बापाला जावयापेक्षा वाडी प्यारी. तू तसंच लिहिलं होतंस नंतर, आणि तेच तुझं शेवटचं पत्र. मी उत्तर दिलं नाही, कारण काय लिहिणार होतो, तुझ्या नवऱ्याचा जीव मी झाडाला बांधून बसलोय असं?

आता लिहिलं. आता तू सांग.

तात्या

---

श्रीवर्धन,
ता. ३ डिसेंबर १९५७

चि. सौ. केसर,

'सौ.' लिहिताना हात थांबतो. तरी लिहिलंच आहे. तू काही कळवत नाहीस तोवर मी लिहिणारच.

तिसरं आणि चौथं झाड गेलं. एका आठवड्यात. आता विहिरीकडचं एकच उभं आहे.

पण आज लिहायचं ते वेगळं आहे. रावजीच्या वाडीत रोग गेला. आपल्या शेजारचा रावजी, तुला खांद्यावर घेऊन समुद्रावर नेणारा. त्याची बांधाकडची अकरा झाडं पिवळी आहेत. परवा तो रहाटावर पाण्याची पाळी घ्यायला आला तेव्हा बोलला, "अंबा, तुझ्या पोफळी पिवळ्या, माझ्या पिवळ्या. आपण दोघं पन पिकलोच की. पन आपली मुंडकी कशी टिकून हायत रे?"

मी हसलो. मला हसता आलं, याचंच मला नवल वाटतं.

तो म्हणाला, "त्या बुटवाल्याला इचारलं. तो म्हनतो, रोगी झाडाला अळंबी येते, तिच्यातनं पसरतो. तुझ्या झाडांना कधी अळंबी दिसली?"

मी म्हटलं, "न्हाय बा."

केसर, हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. पहिल्या झाडाला अळंबी फुटली ती गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास. ती कोणी बघितली असती तर झाड खणायला लावलं असतं. शेतकीवाल्यानं आळीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. म्हणून मी सकाळी सगळ्यांच्या आधी उठून वाडीत जायचो, अळंबी बोटांनी खुडायचो आणि पाटात टाकायचो. ओटीत घेऊन घरी आलो असतो तर तुझ्या आईनं बघितली असती. पाट समोर होता, पाणी वाहत होतं. डोळ्यांआड गेली की झालं. रोज एक, कधी दोन. सव्वा वर्ष.

आपला पाट कुठे जातो ते तुला माहीत आहे. आपल्या विहिरीतून निघतो, तुझ्या झाडांवरून जातो आणि बांधाखालून रावजीच्या वाडीत उतरतो.

मला खरंच माहीत नव्हतं का, हे मी स्वतःला विचारतो. शेतकीवाला म्हणाला होता, पाण्यातून जातो. मी ते ऐकलं होतं. पण मी तेव्हा फक्त एकच गोष्ट ऐकत होतो.

काल रावजीच्या एका झाडाचा शेंडा पडला. तो त्याच्यापाशी उकिडवा बसून होता. त्यानं मला बांधापलीकडून हाक मारली आणि मी ऐकलं नाही असं दाखवून घरात आलो. तुझी आई म्हणाली, "रावजी भावजी बोलावतात." मी म्हटलं, "माझं पोट दुखतंय." पन्नास वर्षांत माझं पोट कधी दुखलेलं नाही.

शेतकीवाला पुन्हा येऊन गेला. म्हणतो, अजून वेळ आहे. चार खोडं आणि उरलेलं झाड, पाचही खणा, पाट बंद करा, बांधाशी चर काढा, तर दोन्ही वाड्यांची बाकीची झाडं वाचतील. दोन्ही मिळून साडेतीनशे आहेत. एका झाडासाठी साडेतीनशे. मला हिशेब कळतो. पण ते एक झाड म्हणजे काय, हे त्याला सांगता येत नाही आणि तुला मी सांगितलं आहे. हरेश्वरराव कसे आहेत? आता मी विचारलं. जे असेल ते लिही.

तात्या

---

श्रीवर्धन,
ता. २१ डिसेंबर १९५७

केसर,

नामा आला. आपल्या झाडांवर चढणारा नामा, त्याची बहीण मांडव्याला दिली आहे. तो तिच्याकडे पंधरा दिवस नारळ पाडायला गेला होता. आल्याबरोबर ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "जावयांचं बरं चाललंय."

मी म्हटलं, "कोणाच्या?"

"तुमच्याच. आन् कोनाच्या? हरेश्वरराव. धक्क्यावर लाँचीची तिकिटं फाडतात. अंगानं भरलेत. मला वळकलं, पान दिलं. एका उतारूशी असं भांडले का सगळा धक्का बघत व्हता."

मी विचारलं, "खोकतात का?"

"भांडताना? न्हाय बा."

"इस्पितळातून कधी आले?"

"शिमग्याच्या आधी, म्हनाले. कामाला लागून सहा म्हयने झाले."

तुझी आई आत होती. ती बाहेर आली आणि नामाला म्हणाली, "जेवून जा." मग ओट्यावर बसून पदरानं तोंड झाकून रडली. मी रडलो नाही. मी वाडीत गेलो.

केसर, शिमग्याच्या आधी ते घरी आले. तेव्हा माझी चार झाडं उभी होती. मग एक गेलं, मग दोन गेली, आणि इकडे ते पान खात होते, भांडत होते. म्हणजे त्यांचा आणि झाडांचा काही संबंध नव्हता. देवाच्या दयेनं नव्हता. मी आनंदानं मोठ्यानं ओरडायला पाहिजे होतं. मी त्या खोडांकडे बघत उभा राहिलो आणि मला कोणी तरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. तू एक कार्ड टाकायचं होतंस. मी विचारलं नाही हे खरं, पण मग विचारलं तेव्हा तरी. तुझा राग मला मान्य आहे. एवढा लांब राग असेल असं वाटलं नव्हतं. पण माझी भीतीही तेवढीच लांब होती, तर मी कोणत्या तोंडानं बोलू.

दुसऱ्या दिवशी मी रावजीकडे गेलो. तो सुपारी निवडत बसला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, अळंबीचं, पाटाचं. मध्ये थांबलो असतो तर पुढे बोललोच नसतो. त्यानं निवडायचं थांबवलं नाही. चांगली एका बाजूला, किडकी दुसऱ्या बाजूला. संपल्यावर उठला, माझ्याबरोबर विहिरीवर आला, रहाटाचा बैल सोडून खुंट्याला बांधला. मग एक मोठा धोंडा उचलून बांधाच्या तोंडाशी पाटात ठेवला आणि चिखलानं लिंपला.

मी म्हटलं, "रावजी, शिव्या दे."

तो म्हणाला, "पानी मी नदीवरनं आनीन." आणि गेला. साठ वर्षांत त्यानं मला 'अंबा' म्हटल्याशिवाय वाक्य पुरं केलेलं नव्हतं.

नामा आणि मी चार खोडं खणून काढली. सहा दिवस लागले. मुळं भिजलेल्या सुंभासारखी हातात येत होती. जागीच जाळली. चर अर्धा झाला आहे. माझे हात फुटले आहेत, हे अक्षर त्यामुळे असं.

पाचवं झाड मात्र तसंच आहे. त्याच्या खाली अजून मी कुदळ घातलेली नाही. संबंध नाही हे मला कळलं आहे. नामालाही मी तसंच सांगितलं, संबंध काही नाही. तो म्हणाला, "मग घाला कुदळ." मी म्हटलं, उद्या. आज आठ दिवस झाले.

तात्या

---

श्रीवर्धन,
ता. १७ जानेवारी १९५८

केसर,

हे पत्र पोस्टानं नाही, हरेश्वररावांच्या हाती देतो आहे.

ते परवा संध्याकाळी आले. दिघीला होडीतून उतरून पुढे गाडीनं. मी ओसरीवर होतो. वाकून पाया पडले आणि म्हणाले, "मामा, कुदळ कुठं हाय?"

मी म्हटलं, "आधी बसा. पाणी घ्या."

"पानी घेतो. पन तिनं सांगितलंय, जेवायच्या आधी झाड. जेवलात का तात्या तुम्हाला गोष्टीत घालतील."

हे तूच बोलली असणार. त्यांना असं सुचत नाही.

तुझ्या आईनं त्यांना सकाळपर्यंत थांबवलं. अंधारात कोणी खणत नाही. त्यांनी रात्री जेवताना सांगितलं की माझी सगळी पत्रं तू त्यांना वाचून दाखवतेस. दुसरं पत्र आल्यावर उत्तर लिहायला बसलीस, तीनदा लिहिलंस, तीनदा फाडलंस. माझं तिसरं पत्र वाचताना मध्ये उठून चुलीपाशी गेलीस. हे ऐकून मला जेवण गेलं नाही. वाईट वाटलं म्हणून नाही. बरं वाटलं म्हणून.

काल सकाळी ते वाडीत गेले. सदरा काढून फांदीला अडकवला. त्यांच्या पाठीवर एका बाजूला, फासळ्यांच्या खाली, वीतभर शिवणीचा वण आहे. तू हे लिहिलं नव्हतंस. त्यांना कापलं होतं हे मला माहीत नव्हतं. मी पिशवी रिकामी केली त्या दिवसांत कधीतरी.

मी म्हटलं, "नामा करील. तुम्ही उभे राहा."

ते म्हणाले, "पयलं पानी मी घातलं व्हतं ना? मग हे बी मीच करतो."

त्यांनी कुदळ घातली. मी जवळ उभा होतो. चौथ्या की पाचव्या घावाला ते खोकले. मी खाली बसलो. त्यांनी वळून बघितलं. "मामा, माती उडाली." पुन्हा खणायला लागले. मग पुन्हा एकदा खोकले, थोडं. मी मोजत होतो हे त्यांना कळलं असावं, कारण नंतर ते मुद्दाम बोलत राहिले. लाँचीवरच्या गोष्टी, कोणी उतारू बिनतिकिटाचा कसा बकरीच्या मागे लपला. एवढं बोलणाऱ्या माणसाला खोकायला वेळ मिळत नाही.

दुपार कलल्यावर झाड हललं. नामानं दोर लावला होता. ते रावजीच्या बाजूला न पडता आपल्याच बाजूला, चराच्या अलीकडे पडलं. शेंड्यात चार सुपाऱ्या होत्या, बोराएवढ्या.

मग मी बघितलं, रावजी बांधावर उभा होता. कधी आला कळलं नाही. महिन्यात पहिल्यांदा. माझ्याकडे बघितलं नाही. हरेश्वररावांना म्हणाला, "जावई, आजून खाली घ्या. मुळी ऱ्हाता कामा न्हाय."

ते खड्ड्यात उतरले. छातीएवढा खड्डा. वरून त्यांचं डोकं आणि उडणारी माती दिसायची. एक मुळी बांधाखालून रावजीच्या वाडीत शिरलेली सापडली. ती ओढताना ते दमले. रावजीनं पलीकडून खणून तिचं दुसरं टोक पकडलं आणि ती दोघांनी मिळून काढली. लांबलचक. रावजीनं ती हातात धरून नाकाशी नेली, मग आगीत टाकली आणि घरी गेला. त्याची आणखी सहा झाडं गेली आहेत, एकूण सतरा. शेतकीवाला म्हणतो, पाऊस पडून गेल्यावर कळेल चर पुरला की नाही. त्या जागेत बरीच वर्षं पोफळ लावायची नाही. रावजीच्या रिकाम्या झालेल्या जागेत लावायला मी माझ्या लांबच्या टोकाच्या झाडांची रोपं करतो आहे, रोग गेल्यावर त्याला देईन. घेईल की नाही माहीत नाही. मी बांधावर नेऊन ठेवीन.

तुझ्या नावाचं वाडीत आता काही उरलं नाही. पाच खड्डे आहेत, त्यांत चुना टाकला आहे.

हरेश्वरराव रात्री चांगले जेवले. दोनदा भात घेतला. झोपेत खोकले नाहीत. आज सकाळच्या गाडीनं निघतात. दिघीची होडी, मग मुरूड, मग अलिबाग, उद्या दुपारपर्यंत मांडव्याला पोचले पाहिजेत. खाडीवर वारा असतो, म्हणून माझं कांबळं दिलं आहे, ते त्यांनी घेतलं नव्हतं, मी पिशवीत कोंबलं आहे. अंगावर घ्यायला सांग.

ते म्हणाले, पोचल्यावर मी कार्ड टाकतो. मी त्यांना म्हटलं, तुम्ही टाकू नका. केसर, तू टाक. दुसरं काही लिहू नकोस, माझ्या पत्रांचं उत्तरही नको, पोचले एवढंच लिही. कार्ड इथे यायला चार दिवस लागतात. ते चार दिवस मी कुंपणाशी असेन.

तात्या